ज्यांच्या आया विचारत नाहीत

खोक्यांच्या कारखान्याच्या मागच्या फाटकाला लागून एक पाळणाघर होतं. दोन खोल्या, पुढे जाळी लावलेलं अंगण, आणि वाळत घातलेल्या दुपट्यांची एक न संपणारी दोरी. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे आत्या म्हणत. मुलं म्हणत, मुलांच्या आया म्हणत, एकदा तर कारखान्याचे साहेबसुद्धा "आत्या, जरा गोंगाट आवरा हो" असं म्हणून गेले. आत्यांना स्वतःचं मूल नव्हतं. नवरा लवकर गेला. उरला तो थोरला भाऊ आणि त्याची एकुलती एक मुलगी. म्हणजे त्यांना आत्या म्हणायचा खरा हक्क जगात एकाच व्यक्तीला होता, आणि ती होती ही भाची.

आत्यांचा स्वभाव भारी काळजीचा. मूल रडलं तर पोट दुखतंय का, हसलं तर तोंडात बटण तर घातलं नाही ना. दुपारी सगळी झोपली की त्या वाकून वाकून एकेकाच्या नाकाखाली बोट धरत फिरत. त्यांच्याकडे तेव्हा कामाला असलेली एक उंचपुरी बाई त्यांना हसायची. "आत्या, त्यांचा श्वास चालू आहे हो. तुमच्याकडे बघून माझाच बंद पडेल." ही बाई हात वर केला की छपरावर गेलेला चेंडू काढायची, म्हणून मुलांनी तिचं नाव जिराफमावशी ठेवलं होतं.

जिराफमावशी पुलापलीकडची आणि आत्या टेकडीवरच्या. गावाचे हे दोन भाग होते. टेकडीवरचे जुने, पुलापलीकडचे मागून आलेले. मागून म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळात, पण तरी त्यांना अजून 'नवीन लोक' म्हणायची पद्धत होती. त्यांची बोलण्याची ढब निराळी, लग्नं आपापसात. एका वर्षी काहीतरी फुसक्या कारणावरून पुलावर दगडफेक झाली, दुकानांच्या काचा फुटल्या, आणि तेव्हापासून दोन्हीकडची माणसं एकमेकांशी फार जपून, फार गोड बोलायची. तोंडावर हसू, आणि पाठ वळली की एक निःश्वास.

कारखान्यात मात्र दोन्हीकडच्या बायका होत्या. टेकडीवरच्या कापणीच्या यंत्रांवर आणि हिशेबाच्या खोलीत, पुलापलीकडच्या डिंकाच्या खात्यात. डिंकखात्याचं काम सगळ्यांत शेवटी सुटायचं. सुरुवातीला पुलापलीकडच्या बायका आपली मुलं पाळणाघरात ठेवत नव्हत्या. मग एकीने ठेवलं, ती जिराफमावशीच्या भरवशावर. तिचं मूल धडधाकट घरी जातं हे बघून दुसरीने ठेवलं. असं करता करता निम्मं पाळणाघर पलीकडच्या मुलांनी भरलं.

मग ती फाटकाची भानगड झाली. एका सकाळी कडी निघाली आणि टेकडीवरचं एक पोरगं दुडूदुडू रस्त्यावर गेलं. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून निभावलं. आत्यांनी धावत जाऊन त्याला उचललं. मधल्या सुट्टीत बायका फाटकाशी जमल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत जिराफमावशीला सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस." ती काहीतरी बोलायला गेली. आत्यांनी हात वर करून तिला गप्प केलं. टेकडीवरच्या बायका म्हणाल्या, "कडक आहेत हो आत्या. असंच पाहिजे." पलीकडच्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं गप्प राहणं आत्यांनी होकारात जमा करून टाकलं.

जिराफमावशीच्या जागी भाची आली. तिचं शिक्षण अर्धवट सुटलं होतं, घरात बसून आईशी खटके उडत होते. दादा म्हणाला, "तुझ्या हाताखाली घे, वळण लागेल." दादाचा शब्द आत्यांनी कधी मोडला नव्हता. नवरा गेल्यावर सासरच्यांनी हात झटकले, तेव्हा हा भाऊच त्यांना घरी घेऊन आला होता.

आणि भाची कामाला चांगली निघाली. चटपटीत, हाताला स्वच्छ. आतली लहान खोली आत्यांनी तिच्याकडे सोपवली. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणारी मुलं त्या खोलीत झोपत, म्हणजे बहुतेक सगळी पुलापलीकडचीच. कोणी असं ठरवलं नव्हतं, कामाच्या वेळांमुळे ते तसं होऊन बसलं होतं. पूर्वी त्या खोलीत उतरत्या दुपारी कावळे कोकलत असावेत असा गलका असायचा. भाचीच्या हाती गेल्यापासून ती खोली शांत झाली. आत्या कौतुकाने म्हणायच्या, "हिच्या हाताला गुण आहे."

त्या मुलांत एक गुबगुबीत पोरगा होता. त्याला सगळे भोपळा म्हणत. त्याची आई डिंकखात्यातली, अंगाने काटकुळी, आवाज इतका हळू की दोनदा विचारावं लागे. एका संध्याकाळी त्याला कडेवर घेताना ती हसून म्हणाली, "आत्या, तुमच्याकडे फार खेळतो वाटतं हा. घरी आला की नुसता झोपतो. जेवायलासुद्धा उठत नाही."

"खेळतो ना, खूप खेळतो," आत्या म्हणाल्या.

ती गेल्यावर आत्यांना ते वाक्य टोचायला लागलं. भोपळा खेळतो? कधी बरं खेळला? आठवायला गेलं तर डोळ्यांपुढे झोपलेलाच भोपळा यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आतल्या खोलीत गेल्या. मुलं झोपलेली. भोपळ्याच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास होता, पण एक श्वास गेला की दुसरा यायला वेळ लावत होता. त्यांनी त्याला हलवलं. मूल झोपेतून उठताना कुरकुरतं, तोंड वाकडं करतं. हा नुसता लोंबकळला. ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं. त्या दुधाला गोड, औषधी वास होता.

त्यांनी खोली धुंडाळली. घड्या घातलेल्या दुपट्यांच्या ढिगामागे त्यांना बाटली सापडली. सर्दीचं औषध, गुंगी आणणारं. भाची दारात उभी होती.

"हे काय आहे?"

"सर्दीचं औषध आहे, आत्या. विष नाही. थोडंसं देते, झोपतात बिचारी."

"सर्दी कोणाला झालीय?"

भाचीने नजर दुपट्यांच्या ढिगाकडे वळवली.

"सगळ्यांना देतेस?"

"नाही. या खोलीतल्यांनाच. ती फार वेळ थांबतात गं. एकटीने किती सांभाळू? तू बाहेरच्या खोलीत असतेस."

"आणि बाहेरच्या खोलीतल्यांना कधी दिलं नाहीस? माझी पाठ वळलेली असते की."

भाचीने भाबडेपणाने, जशी एखादी साधी सोय सांगावी तसं, उत्तर दिलं. "त्यांच्या आया विचारतात ना. काय खाल्लं, किती झोपला, डोळे असे का दिसतात. यांच्या आया विचारत नाहीत."

आत्यांनी तिला मारलं नाही, ओरडल्यासुद्धा नाहीत. "घरी जा," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी आतल्या खोलीतलं एकेक मूल उठवून बसवलं, त्यांची तोंडं गार पाण्याने पुसली. शेजारच्या कॅन्टीनमधली बाई बोलावून तिला मुलांजवळ बसवलं, आणि ती बाटली पदरात बांधून, भोपळ्याला छातीशी धरून त्या दवाखान्याकडे धावल्या. चप्पल पायात होती का नव्हती हेही त्यांना नंतर आठवेना.

दवाखान्यातल्या सिस्टर फार न बोलणाऱ्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, बाटली वाचली, भोपळ्याच्या छातीला नळी लावली. भोपळा तिथल्या दिव्याकडे बघून अखेर रडला, तेव्हा आत्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. त्या रडण्याइतका गोड आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

"हा सावरेल. याला थोडा वेळ इथेच ठेवू," सिस्टर म्हणाल्या. "बाकीच्यांनाही आणा, आज आणि परत परवा. मला हे वर कळवावं लागेल. त्याच्या आईला कोण सांगणार, तुम्ही का मी?"

"मी सांगते."

निरोप मिळताच भोपळ्याची आई कामावरून धावत आली, तिच्या बोटांना डिंक तसाच चिकटलेला. आत्यांनी सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ती किंचाळेल, अंगावर येईल. तिने फक्त विचारलं, "रोज?"

"बहुतेक रोज."

ती मुलाला घेऊन पाठ फिरवून बाकावर बसली. उरलेल्या मुलांना आत्यांनी त्यांच्या आयांबरोबर "सिस्टरना दाखवून घ्या, दुधात गडबड होती" असं सांगून दवाखान्यात पाठवलं. अर्धं खरं सांगितलं आणि अर्धं गिळलं. त्या सगळ्या बिचाऱ्या "बरं आत्या" म्हणून निमूट गेल्या. एकीनेही विचारलं नाही, कसली गडबड.

घरी दादा वाट बघत बसला होता. शेजारी वहिनी, डोळे सुजलेले. भाची आत.

"काय ते घरातल्या घरात मिटव," दादा म्हणाला. "तिला कामावरून काढ, माझी ना नाही. पण कारण सांगू नकोस. दुधाच्या वाट्या बदलल्या म्हण, चुकून झालं म्हण."

"चुकून नाही झालं, दादा."

"तुला त्या वर्षीचे दगड आठवतात ना? त्यांना कळलं, की टेकडीवरच्या पोरीने आमच्याच पोरांना निवडून गुंगीचं औषध पाजलं, तर काय होईल? पुन्हा काचा फुटतील. कोणाचं तरी डोकं फुटेल. एका पोरीच्या मूर्खपणापायी गाव पेटवशील?"

त्याचं बोलणं काही अगदीच खोटं नव्हतं, आणि आत्यांचा जीव टांगणीला लागला तो त्याचमुळे. खरं सांगावं तर दगड, आणि लपवावं तर ती निमूट "बरं आत्या." वहिनी मध्येच म्हणाल्या, "स्थळं यायला लागलीत हो तिला. तुमच्या हातात आहे सगळं." आत्यांनी ताटाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. आत्या सकाळीच उठून पुलाच्या दिशेने निघाल्या. पुलाच्या मध्यावर त्यांच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं पलीकडची मुलं आपल्या मांडीवर झोपली, पण आपण हा पूल ओलांडला नाही. कोणाचं घर कुठे, काही ठाऊक नाही. एकच पत्ता त्यांना माहीत होता. जिराफमावशी कधीकाळी म्हणायची, "आलात कधी तर निळं दार, दारात तुटकी खुर्ची. ती कोणी चोरत नाही म्हणून खूण सांगते."

दार निळं होतं आणि खुर्चीही होती. जिराफमावशीने दार उघडलं, त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं, पण "या" म्हणाली नाही. आत्यांनी उंबऱ्याबाहेर उभ्यानेच सगळं सांगितलं, अगदी "यांच्या आया विचारत नाहीत" इथपर्यंत.

जिराफमावशीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाचीचं काय केलंत?"

"काढली."

"कुठे? घरात?"

आत्यांनी मान डोलावली.

"मला फाटकात काढलं होतंत. सगळ्या बायका डबे हातात धरून बघत होत्या. त्या कडीचा खिळा सैल झालाय हे मी तुम्हाला आधी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बघू. तेच मी त्या दिवशी बोलायला गेले, तर तुम्ही हात वर केलात." तिने आत्यांसारखा हात वर करून दाखवला. "आता आतल्या खोलीत जे झालं, ते आतल्या खोलीतच राहणार असेल, तर मग इथे कशाला आलात?"

"राहू द्यायचं नाहीये, म्हणूनच आले," आत्या म्हणाल्या. "मला कोणाची घरं माहीत नाहीत. तू बोलाव सगळ्यांना."

जिराफमावशीने ती तुटकी खुर्ची पायाने पुढे सरकवली. "बसा. तीन पायांची आहे, सांभाळून."

गल्लीत बायका जमल्या, मागे पुरुष उभे राहिले. आत्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. एकदम कल्ला झाला. एकीने मुलाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. दुसरी म्हणाली, "म्हणूनच तो चालायला लागत नव्हता, आणि मी त्याच्या पायांना तेल चोळत बसले होते." भोपळ्याची आई भिंतीला टेकून उभी होती. कोणीतरी तिच्यावर खेकसलं, "तुला कालच कळलं आणि तू बोलली नाहीस?"

"कोणी खरं मानलं असतं?" ती तिच्या हळू आवाजात म्हणाली. "म्हणाले असते, हिच्याच पोराला काहीतरी रोग आहे."

डिंकाच्या गोण्या उचलणारा एक दांडगा माणूस पुढे आला. "चला टेकडीवर. पोरीला बाहेर काढू." त्याच्या मागे दोन-चार जण हलले. आत्यांना पुलावरचे ते जुने दगड दिसायला लागले. दादा म्हणाला होता, तसंच होतंय. आपल्याच तोंडाने आपण आग लावली.

जिराफमावशी त्या माणसाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तो दांडगा होता, पण त्याला मान वर करून बघावं लागलं. "तू कुठे चाललास? तुझं पोर आहे का पाळणाघरात? ज्यांची आहेत त्या इथे आहेत." मग आत्यांकडे वळून म्हणाली, "उद्या सकाळी फाटकात. जिथे मी उभी होते तिथे तिने उभं राहायचं. दोन्हीकडच्या बायकांसमोर. आणि तिने बोलायचं, तुम्ही नाही. पुढचं काय ते सिस्टर आणि पोलीस बघतील. तिच्या अंगाला कोणी हात लावणार नाही, त्याची हमी माझी."

"ती आली नाही तर?" कोणीतरी विचारलं.

"तर मी उभी राहीन," आत्या म्हणाल्या, आणि ते त्यांनाच फार तोकडं वाटलं.

घरी आल्यावर आत्यांनी हे दादाला सांगितलं, आणि तो दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "माझी पोर त्या लोकांपुढे उभी राहणार नाही. तू रक्ताची ना? मग असं कसं करवतं तुला?" आत्यांना सांगायचं होतं, की तूच मला त्या दिवशी घरी आणलंस ते मी विसरलेले नाही. पण त्या उठून दाराकडे वळल्या. आतल्या दारामागे भाचीची सावली हलली, एवढं त्यांनी पाहिलं.

सकाळ उजाडली. आत्या फाटकात येऊन थांबल्या. नेहमी अंगणात मुलं सोडून बायका लगबगीने आत जायच्या. आज कोणी मूल सोडत नव्हतं. एका बाजूला टेकडीवरच्या, कुजबुजणाऱ्या. दुसऱ्या बाजूला पलीकडच्या, गप्प. मध्ये रस्त्याएवढी मोकळी जागा. कारखान्याचा भोंगा पहिल्यांदा वाजला. भाचीचा पत्ता नव्हता. त्या पुन्हा पुन्हा टेकडीच्या रस्त्याकडे बघत होत्या आणि पुन्हा पुन्हा आपली पाठ सरळ करत होत्या.

भाची आली ती मागच्या गल्लीतून, एकटी, मान खाली. घरातून न सांगता निघाली होती. ती मोकळ्या जागेत उभी राहिली आणि धडाधड, पाठ केल्यासारखं, श्वास न घेता बोलून गेली. मी औषध दिलं, मुलं झोपावीत म्हणून दिलं, बरेच दिवस दिलं. इतकं भराभर की निम्म्या बायकांना कळलंच नाही. जिराफमावशी मागून म्हणाली, "सावकाश बोल. आम्हाला घाई नाही." मग भाचीने पुन्हा सांगितलं, आणि या वेळी ती रडली.

टेकडीवरची एक बाई चिडून म्हणाली, "सर्दीचं औषध तर होतं! एवढा तमाशा कशाला? पोर घाबरलीय बघा."

तिच्या शेजारी पोस्टात काम करणारी एक तरुण आई होती. तिने भाचीला विचारलं, "माझ्या मुलाला दिलंस?"

"नाही, नाही," भाची घाईने म्हणाली. तिला वाटलं, निदान एवढं तरी चांगलं सांगता येतंय. "टेकडीवरच्या कोणालाच नाही दिलं."

त्या 'नाही'नंतर जे झालं ते आत्यांच्या लक्षात राहिलं. दगड पडले असते तरी बरं, असं वाटावं इतकी ती शांतता जड होती. तमाशा म्हणणारी बाई जमिनीकडे बघायला लागली. पोस्टातल्या आईने आपलं मूल एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं, आणि समोर, त्या मोकळ्या जागेपलीकडे, भोपळ्याच्या आईकडे पाहिलं. भोपळ्याच्या आईनेही पाहिलं. भोंगा दुसऱ्यांदा वाजला आणि बायका मुलं कडेवर घेऊनच पांगल्या. त्या दिवशी कारखान्याची निम्मी यंत्रं बंद होती.

पुढे रीतसर सगळं झालं. पोलिसांनी जबाब घेतले. भाचीला लहान मुलांच्या कुठल्याही कामावर कायमची बंदी आली, आणि कित्येक महिने चौकीत हजेरी लावावी लागली. पाळणाघर आरोग्य खात्याने चौकशी होईपर्यंत बंद ठेवलं. मुलं सगळी ठणठणीत निघाली, ही मात्र देवाने खैर केली म्हणायची. दादाने बोलणं टाकलं, आणि आत्या त्याचं घर सोडून भाड्याच्या एका खोलीत राहायला गेल्या. भाचीचं एक स्थळ आलं तसं परत गेलं.

आणि आत्यांना वाटलं होतं तसं काही झालं नाही. खरं बोललं की माणसं जवळ येतात, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. पाळणाघर पुन्हा उघडलं त्या सकाळी त्यांनी खोल्या धुतल्या, पाळण्यांच्या दोऱ्या बदलल्या, फाटकाला नवी कडी बसवली, आणि दारात उभ्या राहिल्या. कोणी आलं नाही. टेकडीवरच्या म्हणत होत्या, "सख्ख्या भाचीला ज्यांनी सोडलं नाही, त्या उद्या आपलीही धिंड काढतील." पलीकडच्या काय म्हणत होत्या ते कळायला मार्ग नव्हता. आत्या रिकाम्या पाळण्यांना झोका देत बसत. कॅन्टीनवाली बाई येऊन म्हणायची, "आत्या, कोणी नाही त्यात." त्या म्हणायच्या, "माहीत आहे गं, कुरकुरतोय का बघतेय."

भोपळ्याची आई रस्त्यात भेटली. भोपळा आता धावत होता, तिचा हात ओढत. आत्यांनी विचारलं, "आणाल का त्याला?" ती म्हणाली, "तुमचा राग नाही, आत्या. पण दुपार झाली की माझे हात कापतात." ती कधीच आली नाही. आत्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

जिराफमावशीला त्यांनी कामावर परत यायची विनंती केली, आणि कडीबद्दल माफीही मागितली, सगळ्यांसमोर, त्याच फाटकात. ती ऐकून म्हणाली, "माफी घेतली. नोकरी नको. कॅन्टीनमध्ये मला घेतलंय, तिथे जेवण मिळतं. तुमच्याकडे नुसती काळजी मिळते." पण दोन दिवसांनी तिच्या भावाची बायको पाळणाघराच्या दारात उभी राहिली, कडेवर एक वर्षाचं पोर. ही आत्यांच्या अजिबात ओळखीची नव्हती. तिने मूल खाली ठेवलंच नाही. आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"दूध कोण देतं? तुम्ही का दुसरं कोणी? उकळलेलं पाणी कुठे ठेवता? झोपली की दार लोटता का उघडं ठेवता? मी मध्येच येऊन बघितलं तर चालेल? न सांगता?"

"न सांगताच या," आत्या म्हणाल्या.

"औषधाचं काय?"

"इथे औषध नाही. मूल आजारी असलं तर तुम्हाला बोलावेन."

"आणि तुमच्या घरचं कोणी इथे कामाला येणार का?"

आत्यांना तो प्रश्न लागला. त्या म्हणाल्या, "आलं तर तुम्हाला आधी सांगेन. तुम्ही नको म्हणालात तर नाही येणार."

त्या बाईने खिडक्या उघडून बघितल्या, दुपट्यांचा वास घेतला, पाळणा हाताने खाली दाबून बघितला. पूर्वी कोणी असं केलं असतं तर आत्यांना अपमान वाटला असता. आज त्या तिच्या मागे मागे फिरत होत्या आणि त्यांना आतून इतकं हलकं वाटत होतं, की रडू येईल की काय अशी भीती वाटली. शेवटी ती बाई मुलाला चटईवर बसवून गेली. दुपारी न सांगता आली आणि परत गेली. संध्याकाळी म्हणाली, "उद्या आणते."

पुढच्या काही महिन्यांत मुलं हळूहळू वाढली. पुलापलीकडची आधी आली. पोस्टातली आई टेकडीवरची पहिली, आणि तिने येताच सांगितलं, "माझ्या मुलाला आतल्या खोलीत झोपवत जा. खोल्या अशा वेगळ्या नकोत." काही टेकडीवरच्या कधीच परतल्या नाहीत. काहींनी रस्त्यात आत्यांशी बोलणं सोडलं ते सोडलंच. पलीकडच्याही सगळ्या काही भाळल्या नाहीत. एक म्हणायची, "लोकांना दाखवायला भाचीचा बळी दिला, दुसरं काय." आत्या ते ऐकत आणि मनात म्हणत, तेही असेल थोडं. आपल्याला आपलं मन कुठे पुरतं कळतं.

एका संध्याकाळी सगळी मुलं गेल्यावर त्या फाटक लावत होत्या, तर रस्त्याच्या पलीकडे भाची उभी दिसली. ती आता कापडाच्या दुकानात कामाला होती. वाळली होती. रस्ता ओलांडून जवळ आली, पण फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही.

"बाबा तुझं नाव काढत नाहीत," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"आत्या, तू मला परत कधी घेशील?"

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की ही पोर त्यांच्याच कुशीत येऊन झोपायची. "मुलांमध्ये कधीच नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "मला कितीही वाटलं तरी नाही."

भाचीने मान हलवली. तिला ते बहुधा ठाऊक होतं. "आणि घरी?"

"तुझ्या घरी मला दार उघडत नाहीत. माझ्या खोलीवर ये. आत्ताच चल. खाल्लंयस काही?"

"नाही."

आत्यांनी पिशवी तिच्या हातात दिली, आणि दोघी कारखान्याच्या भिंतीच्या कडेने चालू लागल्या.